चित्रातील स्त्रीला साडी कोणी नेसवली?

दीपावलीला पेढीवर चोपडापूजन होते, तेव्हा नव्या वह्यांशेजारी पाटावर लक्ष्मीचे चित्र मांडण्याची रीत आपल्या बहुतेक घरांत आहे. एकीकडे भगवान महावीरांच्या निर्वाणाचे पुण्यस्मरण आणि दुसरीकडे नव्या खात्याचा आरंभ, अशा त्या संधिकाळी घरातील प्रत्येकाची दृष्टी त्या चित्रावरून फिरते. पण ते चित्र म्हणून कोणी पाहत नाही. कमळावर उभी असलेली चतुर्भुज स्त्री, मागे जलाशय, बाजूला माळ उंचावणारा हत्ती आणि अंगावर जरीच्या काठाची, पायांपर्यंत चापूनचोपून नेसलेली साडी. साडीखाली बाह्यांचे पोलके. हे रूप आपल्या डोळ्यांना इतके सरावलेले आहे की, लक्ष्मी अनादि काळापासून हीच साडी नेसत आली असावी, असे वाटते.

वस्तुतः ही साडी तिच्या अंगावर आली त्याला सव्वाशे वर्षांहून थोडा अधिक काळ झाला. नेसवणारा चित्रकार केरळचा होता. छपाईची यंत्रे जर्मनीहून आली होती, छापखाना प्रथम मुंबईत गिरगावात आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला होता. आणि या उद्योगातील भागीदार होते मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मकनजी. खटाव हे नाव कापडाच्या धंद्यातील जुन्या मंडळींना निराळे सांगावे लागणार नाही. देवीच्या अंगावरील वस्त्राच्या मागे कापडबाजारातील भांडवल उभे होते, ही गोष्ट आपल्यासारख्या व्यापारी समाजाने तरी लक्षात घेण्याजोगी आहे.

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांचे पाश्चात्त्य तंत्र त्यांनी आत्मसात केले आणि त्या तंत्राने पुराणातील स्त्रिया रंगवल्या. मात्र एक अडचण होती. ज्या घरात ते वाढले, त्या घरातील स्त्रिया साडी नेसतच नसत. केरळी स्त्रीचा वेश म्हणजे कमरेला गुंडाळलेले पांढरे मुंडू. रविवर्मांनी स्वतःच्या मुलीचे चित्र १८९३ मध्ये काढले. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन ती येणाऱ्या वडिलांकडे बोट दाखवीत आहे. त्या चित्रात ती याच शुभ्र केरळी वेशात आहे. म्हणजे आपल्या लेकीचे वस्त्र त्यांना चांगले ठाऊक होते; पण दमयंतीला, शकुंतलेला, लक्ष्मीला ते चालेल असे त्यांना वाटले नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रांची मालिका करवून घेतली, त्या वेळी प्राचीन स्त्रियांचा वेश कसा असावा याचा शोध घेण्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे बंधू उत्तर हिंदुस्थानात फिरून आले. प्रांत बदलला की वेश बदलतो, एवढेच त्यांना दिसले असणार. साऱ्या देशाला आपली वाटेल अशी एक स्त्री रंगवायची तर तिला एकच वस्त्र हवे. ते वस्त्र साडी ठरले. त्यांच्या अनेक चित्रांतील नायिका मराठी धाटणीने लुगडे नेसलेल्या आहेत, हा मुंबईच्या आणि बडोद्याच्या वास्तव्याचा परिणाम.

या निवडीपूर्वीचा त्यांचा गोंधळ, किंवा संपन्नता म्हणा हवे तर, पाहायची असेल तर म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील १८८९ चे वादक स्त्रियांचे चित्र पाहावे. अकरा स्त्रिया एकत्र बसल्या आहेत. कोणी वीणा घेतली आहे, कोणी नुसतीच ऐकते आहे. नायर स्त्री आहे, मराठी आहे, मुसलमान आहे, पारशी आहे, एक तर थेट पाश्चात्त्य टोपीतील आहे. गाणे कोणते चालले आहे याचा पत्ता चित्र लागू देत नाही. डोळा खिळतो तो वस्त्रांवर. एखाद्या मोठ्या दुकानात गादीवर नाना प्रांतांचे कापड उलगडून ठेवावे तसा हा देखावा आहे. मला हे चित्र त्यांच्या देवींपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

देवीला किंवा पूज्य स्त्रीला आपल्या काळाचे वस्त्र नेसवणे ही चित्रकाराची लबाडी मात्र नव्हे. आपल्याच परंपरेत याचा भरभक्कम पुरावा आहे. पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या आठवाव्यात. शय्येवर पहुडलेली त्रिशलामाता शुभ स्वप्ने पाहत आहे. तिच्या अंगावरील वस्त्र भगवंतांच्या काळातील वैशालीचे नाही. ते गुजरातच्या बाजारात त्या वेळी विकले जाणारे नक्षीदार कापड आहे. हंसांच्या रांगा, फुलांच्या वेली, ठिपक्यांची वर्तुळे. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात येथे हिंदुस्थानी छापील सुती कापडाचे जुने तुकडे सापडले, तेव्हा अभ्यासकांनी त्यांवरील हंस आणि आपल्या पोथ्यांतील हंस शेजारी ठेवून पाहिले आणि दोहोंतील साम्य त्यांच्या ध्यानात आले. पोथी लिहवून घेण्याचा खर्च करणारे श्रावक पुष्कळदा व्यापारी असत. त्यांच्या वखारीतील कापड त्यांच्याच पैशाने लिहविलेल्या पोथीत मातेच्या अंगावर गेले, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. फरक इतकाच की, पोथी भांडारात राहिली आणि वर्षातून एकदा पर्युषणात बाहेर आली. रविवर्मांचे चित्र मात्र यंत्रावर छापले गेले.

१८९४ मध्ये त्यांचा छापखाना सुरू झाला आणि पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले. ही छपाई दगडावरची. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करायचा, एकावर एक रंग नेमका बसवायचा; एक रेघ हलली तर काठ साडी सोडून हातावर उतरायचा. धंदा म्हणून तो छापखाना रविवर्मांना लाभला नाही. कर्ज वाढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पुढे १९७२ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले. परंतु त्या आधीच ती चित्रे देशभर पसरली होती. राजवाड्यात ज्या स्त्रीला पाहण्यासाठी निमंत्रण लागे, ती काही आण्यांत ओसरीवर आली.

याच काळातील एक योगायोग आपल्या समाजाला विशेष जवळचा आहे. १८९३ मध्ये शिकागो येथे जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली, हे आपल्या घरांतील मुलांनाही माहीत असते. त्यांची काठेवाडी पगडी तेथील लोकांच्या कुतूहलाचा विषय झाली. त्याच प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रे गेली होती, आणि ती सारी स्त्रियांची होती. नववधूला सजवण्याचा प्रसंग, पाणवठ्यावरील स्त्री, मुंबईची गायिका आणि वर उल्लेखिलेली मुलगी व तिचे बाळ. या चित्रांना पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी त्यांच्यात विशेष वाखाणले ते हे की, त्यांत त्या त्या समाजातील वेशभूषा आणि चालू फॅशन यांची यथातथ्य नोंद आहे! चित्रकाराला हा गौरव कितपत रुचला असेल कोण जाणे; कलावंत म्हणून गेलेल्या माणसाला नोंदणी-कारकुनाचे प्रशस्तिपत्र मिळावे, तसे ते आहे. वीरचंदभाई आपला वेश स्वतः परिधान करून गेले आणि स्वतः बोलले. चित्रांतील दहा जणींचे केवळ वेश गेले.

चित्रकार आणि फॅशन या विषयाची खरी मेख येथे आहे. चित्रातील स्त्रीने काय नेसावे हे ठरवणारा कधी राजा होता, कधी चित्रकार, कधी छापखान्याचा मालक. आणि, हे आपण पुष्कळदा विसरतो, कधी कापडाचा व्यापारी.

सेलू ही कापसाची पेठ. निजामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि जालना व परभणी यांच्या मधल्या या गावालाही बाहेरच्या बाजाराचे दार उघडले. मराठवाड्यातील सर्वच पेठांची तेव्हाची रीत अशी की, रुईचे गठ्ठे बाहेर जायचे आणि कापडाची ठाणे आत यायची. विलायतेतील मँचेस्टरच्या व्यापारी कंपन्या हिंदुस्थानात पाठवायच्या कापडाच्या ठाणावर एक रंगीत छापील चिठ्ठी डकवत असत. ती त्यांची छाप. ज्या गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नाही, त्याने चित्रावरून माल ओळखावा आणि पुढच्या खेपेस तोच मागावा, अशी ही सोय. त्या चिठ्ठ्यांवर वाघ, हत्ती, आगगाड्या असत, राजेरजवाडे असत, देवदेवता असत आणि स्त्रिया तर असतच. रविवर्मांची चित्रेही कमीअधिक बदल करून त्यांवर उतरली. साडी नेसलेल्या हिंदी स्त्रीचे चित्र इंग्लंडमध्ये छापायचे, ते इंग्लंडमध्येच विणलेल्या कापडावर चिकटवायचे आणि तिच्या देशात पाठवायचे, असा हा फेरा. पुढे देशी गिरण्यांनी तीच युक्ती उचलली आणि स्वदेशीच्या काळात चिठ्ठीवरील स्त्रीच्या हाती चरखा आला, तिरंगा आला.

बंगळूरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयाने २०२५ मध्ये अशा चिठ्ठ्यांचे एक मोठे प्रदर्शन भरवले. ज्या कागदाला दुकानातील गुमास्ता ठाण उलगडताना फाडून टाकी, तो आता काचेखाली आहे. प्रदर्शनाचा विषय कलेचा असला तरी त्याचा निम्मा इतिहास पेढ्यांचा होता, हे तिथे गेलेल्या कापडवाल्याच्या चटकन लक्षात आले असेल.

आता थोडे घरात येऊ. छापील देवीचे चित्र घरी आल्यावर त्याचे काय होई? कित्येक घरांत ते तसेच चौकटीत जात नसे. घरातील स्त्रिया त्या चित्रातील साडीच्या आकाराचा खराखुरा कापडाचा तुकडा कापीत, चुण्या घालून तो चित्रावर बसवीत, काठाला जर लावीत, गळ्यात टिकल्या आणि बारीक मणी डकवीत. चेहरा आणि हात तेवढे छापील राहत. बाकी देवी खऱ्या वस्त्रात. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक शोधत फिरतात. त्यांत कित्येकदा साडीचा रंग मूळ छपाईपेक्षा अगदी निराळा असतो. चित्रकाराने गुलाबी दिली असेल तर गृहिणीने हिरवी नेसवली. उरलेल्या चोळीच्या खणाचा तुकडा, लग्नातील शालूची निघालेली जर, जे हाताशी असेल ते. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत या कामाला फार थोड्या ओळी मिळतात आणि ते कोणा एकीच्या नावावर तर नसतेच. परंतु आधुनिक चित्रातील स्त्रीच्या वस्त्राविषयी एखाद्या स्त्रीने स्वतः निर्णय घेतल्याची आपल्याकडील ही फार जुनी उदाहरणे आहेत. चित्र रविवर्म्याचे असेल, साडी तिची.

(रेशमाचा प्रश्न येथे आपल्या वाचकांच्या मनात येईलच. रेशमी वस्त्रासाठी कोशातील असंख्य जीवांचा बळी जातो म्हणून आपल्यातील अनेक घरांत रेशीम वर्ज्य आहे. पैठणीच्या मुलखात राहून हे व्रत पाळणाऱ्या माताभगिनींना रंगाने रंगवलेले रेशीम तेवढे निर्दोष वाटले तर नवल नाही. हैदराबादकडील कुसुमा राजय्या यांनी पतंग कोशातून बाहेर पडू देऊन मग धागा काढण्याची रीत रूढ करण्याचा प्रयत्न केला, तिला ‘अहिंसा सिल्क’ असे नाव मिळाले आहे.)

साडीचा आजचा घाट चित्रकारांनीच निर्माण केला, असा समज मात्र करून घेऊ नये. सत्येंद्रनाथ टागोर हे हिंदी सनदी सेवेतील पहिले हिंदी अधिकारी मुंबई इलाख्यात नेमले गेले, तेव्हा १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईस आल्या. बंगालमध्ये घराबाहेर पडण्याजोगा वेशच तेव्हा कुलीन स्त्रीला नव्हता. मुंबईतील पारशी स्त्रियांची धाटणी पाहून त्यांनी चुण्या, पदर, पोलके आणि परकर यांची एक सोयीस्कर जुळणी केली आणि ती कलकत्त्यास नेली. म्हणजे रविवर्म्याच्या छापखान्याआधी तीस वर्षे एका स्त्रीने आपल्या सोयीसाठी ते काम केले होते. चित्राने त्याला प्रतिष्ठा दिली आणि बाजाराने ते गावोगाव पोहोचवले.

आपल्याच घरांकडे पाहिले तर हा बदल अधिक गुंतागुंतीचा दिसतो. सैतवाळ, कासार ही जैन घराणी मराठी मुलखातीलच. त्यांच्या स्त्रिया लुगडेच नेसत आल्या. परंतु मारवाडातून धंद्यासाठी मराठवाड्यात उतरलेल्या ओसवाल, खंडेलवाल घराण्यांतील स्त्रिया घागरा, कांचळी आणि ओढणी घालून, कपाळावर बोर बांधून आल्या. दोन-तीन पिढ्यांत ओढणी गेली आणि साडी आली. डोक्यावरचा पदर राहिला. किती खाली असावा हा वादाचा विषय पुढेही राहिला. कोणत्या पिढीत कोणी पहिल्यांदा घागरा ठेवून साडी नेसली, सासूने काय म्हटले, दुकानातील कोणते ठाण त्यासाठी घरात आले, हे सारे नाट्य घरोघर घडले असणार. त्याचे चित्र कोणत्याही चित्रकाराने काढले नाही. रविवर्म्याला वीणा हाती घेतलेली स्त्री हवी होती, मराठवाड्याच्या पेठेत हिशेब आणि स्वयंपाक दोन्ही सांभाळणारी मारवाडी सून त्याच्या वाटेत आली नाही. जे आहे ते फोटोग्राफरच्या रंगवलेल्या पडद्यापुढे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून काढलेल्या छायाचित्रांत आहे, आणि तीही वेगाने नष्ट होत आहेत.

मराठी चित्रकारांत या विषयाला सर्वाधिक वेळ दिला तो महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. जन्म कोल्हापूर, १८६७, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तेथेच अध्यापक होऊन मोठ्या पदाला चढले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन आहे. पदराची चुणी, अंबाडा, नथीचा झोक, हातातील पंखा यांची नोंद करण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. ओटो रोथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी ४८ रंगीत चित्रे केली. प्रत्येक चित्रात एक स्त्री आणि खाली तिच्या जातीचे किंवा प्रांताचे नाव. वेशभूषेच्या अभ्यासकाला हे पुस्तक म्हणजे खजिना आहे. तरीही ते पाहताना नमुन्यांच्या पुस्तकाची आठवण होते, ज्यात कापडाचा तुकडा चिकटवलेला असतो आणि खाली क्रमांक. इंग्रज अधिकाऱ्याला हिंदी स्त्री तशीच हवी होती आणि धुरंधरांनी ती तशी दिली. आनंदाची गोष्ट अशी की, याच धुरंधरांची कन्या अंबिका हिने जे. जे. मध्ये शिक्षण घेतले आणि ती स्वतः चित्रकार झाली.

धुरंधरांच्या नंतरच्या काळात स्त्रीचे चित्र मासिकांत आणि दिनदर्शिकांत शिरले. दीनानाथ दलाल हे मूळचे मडगावचे. १९४५ पासून ‘दीपावली’ अंक काढीत. त्यांच्या मुखपृष्ठावरील स्त्री कधी नऊवारीत असे, कधी पाचवारीत, कधी खेड्यातील, कधी कॉलेजातील. रघुवीर मुळगावकरांच्या देवींची कांती आणि गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांची ठसठशीत रंगवलेली दागिन्यांनी नटलेली रूपे यांनी कॅलेंडरच्या भिंती व्यापल्या. कापडाचे दुकान, सराफाची पेढी, आडत दुकान, सर्वांकडून दिवाळीला गिऱ्हाइकाच्या घरी एक गुंडाळी जात असे. खाली दुकानाचे नाव, वर एक सुंदर स्त्री. दुकानदार नमुन्यांच्या गठ्ठ्यातून चित्र निवडी आणि त्या निवडीचा पुढे वर्षभर घरातील मुलीच्या डोळ्यांवर संस्कार होई. गोरी, भरल्या अंगाची, जड दागिन्यांतील, डोळे खाली झुकवलेली. शेतात कापूस वेचणाऱ्या सावळ्या स्त्रीचे चित्र कापसाच्या पेठेतील भिंतींवर किती दिसे? चित्रकाराला दोष देणे सोपे आहे. मागणी कोणाची होती हेही विचारायला हवे.

त्या गर्दीत एक निराळे चित्र आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या गीता या मुलीचे जलरंगात चित्र काढले. साडी नेसलेली तरुणी हातात दिवा धरून उभी आहे, दुसऱ्या हाताचा तिने ज्योतीला आडोसा केला आहे आणि बोटांच्या फटींतून प्रकाश आरपार आला आहे. हेही म्हैसूरच्या त्याच राजवाड्यात आहे आणि पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात. त्या साडीकडे नीट पाहावे. दागिन्यांचा भार नाही, देवीपण नाही; घरात दिवेलागणीला मुलगी जशी दिसेल तशी ती आहे. वडिलांनी तिला काही नेसवलेले नाही, असे वाटते.

ज्या काळात मुंबईचे कॅलेंडर सजत होते, त्याच काळात आपल्याच मुलखात दुसरी एक घटना घडली. १९३६ च्या अखेरीस अमृता शेरगिल ही तरुण चित्रकर्ती अजिंठा-वेरूळला आली. जन्म बुडापेस्टचा, शिक्षण पॅरिसचे; परंतु १९३४ मध्ये हिंदुस्थानात परतल्यापासून ती स्वतः साडीच नेसू लागली होती. अजिंठ्याच्या भिंतींवरील स्त्रियांच्या अंगावर वस्त्र किती थोडे आणि डौल किती मोठा, हे तिने पाहिले. तेथून दक्षिणेत जाऊन आल्यावर १९३७ मध्ये तिने नववधूच्या शृंगाराचे चित्र रंगवले. रविवर्म्याने शिकागोस पाठवलेला विषयही हाच होता. पण शेरगिलची वधू लखलखत नाही. जर नाही, हिऱ्याची चमक नाही. मातकट लाल, पांढरा, करडा रंग आणि आपल्याच विचारात गढलेल्या सावळ्या स्त्रिया. सजवले जाणे म्हणजे काय, हे आतून ठाऊक असलेल्या व्यक्तीने ते काढले आहे. पुढे नागपूरजवळच्या बेला येथे १९३३ मध्ये जन्मलेल्या बी. प्रभा यांनी कोळिणी रंगवल्या. उंच, शिडशिडीत, टोपली घेतलेल्या. त्यांच्या लुगड्याचा काष्टा हा तिथे सौंदर्याचा नव्हे, कामाचा भाग आहे. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे इतके ते काम मोठे आहे.

आणि मग २००० ते २००४ या काळात बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह एक वेगळाच उद्योग केला. रविवर्म्याची लक्ष्मी आणि चांदण्यातील स्त्री ही चित्रे त्यांनी निवडली. स्टुडिओत पडदा रंगवून घेतला, कमळ उभारले, तशीच साडी, तसेच दागिने जमवले आणि स्वतः त्या वेशात उभे राहून छायाचित्र काढून घेतले. पाहणाऱ्याला प्रथम जुनेच चित्र वाटते. मग नजर चेहऱ्यावर येते, आणि ती कॅमेऱ्यापुढे उभी असलेली आजची, आपल्यासारखी बाई आहे हे ध्यानात येते. शंभर वर्षे चित्रात नेसवल्या जाणाऱ्या स्त्रीने येथे साडीही निवडली, चित्रही निवडले आणि पाहणाऱ्याकडे परत पाहिले. काहींना ही थट्टा वाटते. मला ती हिशेबाची फेरतपासणी वाटते. जुन्या खात्यातील जमाखर्च तोच, पण वही तिच्या हाती.

आपल्या समाजात कापडाचा धंदा करणारी घरे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. दुकानाच्या माळ्यावर, जुन्या चोपड्यांच्या गठ्ठ्यात, गाठोड्याच्या तळाशी ठाणांवरील छापील चिठ्ठ्या, दिवाळीची कॅलेंडरे, टिकल्या लावलेली देवीची चित्रे आणि घागरा-ओढणीतील आजींची छायाचित्रे अजून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्यापूर्वी थोडे थांबावे. चिठ्ठी ठाणाच्या कापडाला चिकटलेली असेल तर ओढून काढू नये. तेवढ्या कापडासकट कापून ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन करून घेऊ नये, त्यात कागद कायमचा अडकतो. चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. स्वच्छ सुती कापडात किंवा कोऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेवावे, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. आणि मागील बाजूस, पेनाने नव्हे, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे: दुकानाचे नाव, गाव, अंदाजे साल. छायाचित्र असेल तर त्यातील स्त्रीचे सासरचे नाव, माहेरचे नाव, आणि घरातील कोणाला आठवत असेल तर तिच्या अंगावरील ओढणीचा रंग. काळ्यापांढऱ्या छायाचित्रात तो दिसत नाही.